टबातलं पाणी पूर्ण जातच नाही, कंत्राटदार म्हणतो "वायपर मारा"

रानजाई | ११ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. घर-दुरुस्तीच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मे महिन्यात मोठं बाथरूम पूर्ण नवीन करून घेतलं आणि नवऱ्याच्या हट्टापायी त्यात ॲक्रिलिकचा बाथटब बसवला. १७०० बाय ७०० मिमी, म्हणजे साधारण साडेपाच फुटी. दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजूंना विटांचं बांधकाम, त्यावर टाइल्स. दिसायला झकास. रडगाणं पुढे आहे.

एक : टब रिकामा केला की डोक्याकडच्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात दोन-अडीच मग पाणी तसंच राहतं. भोक बरोबर विरुद्ध टोकाला आहे. दोन : टब अर्ध्याच्या वर भरला तर रिकामा व्हायला पंचवीस मिनिटं लागतात. पहिली काही सेकंद पाणी छान पळतं, मग गुडगुड असा आवाज येतो आणि झटके देत देत जातं.

कंत्राटदाराला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा म्हणाला, "नवीन आहे, सेट होईल." दुसऱ्यांदा म्हणाला, "केस अडकले असतील." (महिनाभरात?) तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, टबात थोडं पाणी राहतंच, वायपर मारायचा." आता फोन उचलत नाही. पैसे सगळे देऊन झालेत, ही चूक माझी.

टाइल्स न फोडता काही होईल का? त्याच टाइल्स पाच शिल्लक आहेत. पाचच.

---

तिरसट_तात्या | ११ जून, रात्री १०:४१

उपाय : टब काढा, बादली ठेवा. बादलीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत जातं. उलटी करायची.

---

अबोली | ११ जून, रात्री ११:०५

तात्या, 😀

रानजाई, ते साचलेलं पाणी रोज पुसून काढ बाई. जूनमध्ये स्वच्छ साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत महापालिकेचे लोक आले आणि फ्रिजच्या मागचे ट्रेसुद्धा बघून गेले.

---

मोगरा२ | १२ जून, सकाळी ८:१२

आमच्याकडे पाणी तुंबलं की मी बाजारात मिळतं ते ड्रेन क्लीनर टाकते. रात्री टाकायचं, सकाळी गरम पाणी. करून बघ.

---

नळराजा | १२ जून, सकाळी ९:३०

मोगराताई, थांबा थांबा. माझं सांगलीत प्लंबिंग सामानाचं दुकान आहे, म्हणून सांगतो. त्या पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. केस आणि साबणाचा मेण विरघळवायला ठीक. पण इथे पाइप महिन्याभराचा आहे आणि पहिल्या दिवसापासून हीच तक्रार आहे. मग तो चोक नाही, बसवण्यातली चूक आहे. आणि टबाखाली ती घडीची पांढरी लवचिक नळी असेल (असणारच, पैज लावतो), तर कॉस्टिक तिच्या घड्यांमध्ये साचून बसेल. उद्या कोणी ती नळी उघडली की ते हातावर. आधी कॉस्टिक आणि मग वरून टॉयलेटचं ॲसिड असला प्रकार तर चुकूनही नको, उकळून तोंडावर उडतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू होतो, तो वेगळाच.

रानजाई, तुमचे आजार दोन आहेत असं मला वाटतं. पाणी राहणं हा एक आणि पाणी हळू जाणं हा दुसरा. एकाच्या औषधाने दुसरा बरा होणार नाही.

---

ओळंबा | १२ जून, सकाळी ११:५०

नळराजांशी सहमत. मी साइट सुपरवायझर म्हणून नाशिकला पस्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. त्यामुळे पोस्ट लांबेल.

पहिला प्रश्न पाणी राहण्याचा. टबाच्या तळाला कारखान्यातच भोकाकडे ढाळ दिलेला असतो. तो साच्यात येतो, कंत्राटदाराला द्यावा लागत नाही. त्याचं काम एवढंच, की टबाचा वरचा काठ चारही बाजूंनी पाणसळात, म्हणजे एका सपाटीत, ठेवायचा. काठ सरळ असेल तर तळाचा ढाळ आपोआप बरोबर येतो. तुमचं पाणी भोकाच्या विरुद्ध टोकाला राहतंय, म्हणजे टब डोक्याकडे इतका खाली गेलाय की कारखान्याचा ढाळ खाऊन टाकलाय. आणि भिंतीच्या कोपऱ्यात जमतंय, म्हणजे आडवाही कललाय.

हे मोजायचं कसं? दुकानातून दोन फुटी लेव्हल पट्टी आणा. मोबाइलवरचं ॲप नको. मागच्या कॅमेऱ्याचा उंचवटा आणि कव्हर, त्यातच दोन-तीन मिमीचा घोळ होतो. पट्टी आणल्यावर आधी पट्टीचीच परीक्षा घ्या : ओट्यावर ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते बघा, मग पट्टी तिथेच टोकं उलटसुलट करून ठेवा. बुडबुडा ओट्याच्या त्याच बाजूला (पट्टीच्या टोकाकडे नव्हे) तेवढाच सरकलेला दिसला तर पट्टी खरी. नाहीतर पट्टीच परत करा.

मग टबाच्या लांब काठावर पट्टी ठेवायची. खाली गेलेल्या टोकाखाली नाणी सरकवत जायची, बुडबुडा मध्ये येईपर्यंत. नाण्यांची चवड मोजपट्टीने मोजायची. तसंच आडव्या काठावर. तळावर पट्टी ठेवू नका, तळ मुद्दामच उतरता असतो. तुमचा कंत्राटदार बहुतेक तळावर पट्टी ठेवून "लेव्हल आहे बघा" म्हणाला असेल. आणि तळ पाणसळात असणं हीच तर गडबड.

शेवटचं, आत अनवाणी उभं राहून डोक्याकडच्या भागावर वजन टाका. तळ दबतो का, टक असा आवाज येतो का ते लिहा.

---

रानजाई | १२ जून, दुपारी १२:१५

काका!! तळावरच ठेवली होती त्याने पट्टी! मला दाखवून म्हणाला, "बघा मॅडम, बबल मधोमध." आणि मी मान डोलावली.

---

जर्सीकर | १२ जून, संध्याकाळी ७:४०

ओळंबाकाकांची पोस्ट जपून ठेवतोय.

आमच्याकडे न्यू जर्सीत घरं लाकडी. टब तीन भिंतींच्या खोबणीत बसतो आणि मागचा काठ भिंतीतल्या उभ्या लाकडांवर ठोकलेल्या पट्टीवर टेकतो. आमच्या टबाला हेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूला. मी शहाणपणा केला. व्हिडिओ बघून टबाखाली फुगणारा फोम मारला, की तळाला आधार मिळेल. फोम इतका फुगला की रात्रीत टब एका बाजूने वर उचलला गेला, आणि काठाजवळची टाइल्सची रेघ फुटली. बायको अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते.

दुसऱ्या आजाराबद्दल : इथे टबाच्या सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच ढाळ लागतो, आणि टबाला किमान दीड इंची पाइप. इन्स्पेक्टर तपासून जातो. तुमच्याकडे असा कोणी येतो का?

---

तिरसट_तात्या | १२ जून, संध्याकाळी ७:५५

आमच्याकडे इन्स्पेक्टर म्हणजे खालच्या मजल्यावरचा शेजारी. छताला ओल आली की तपासणी करायला येतो.

---

रानजाई | १३ जून, सकाळी १०:००

मोजलं. पट्टी खरी निघाली (दुकानात तीन तपासल्या, दुकानदार वैतागला). लांब काठावर दोन फुटी पट्टीखाली ५ मिमी नाणी लागली. आडव्या काठावर भिंतीकडच्या बाजूला ४ मिमी. आत उभं राहिलं की डोक्याकडचा तळ दबतो आणि टक वाजतं, दर वेळी.

एक गंमत म्हणजे पांढऱ्या टबात पांढरं पाणी दिसेना, म्हणून बादलीत नीळ कालवून ओतली. निळं तळं अगदी नकाशासारखं उमटलं. लेकीने त्याला "उजनी धरण" नाव दिलंय.

---

ओळंबा | १३ जून, सकाळी ११:२०

नीळ भारी. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

६०० मिमीला ५, म्हणजे १७०० ला साधारण १४ मिमी. अर्धा इंचाहून जास्त. आणि टक आवाज म्हणजे त्या बाजूचा एक पाय तरी अधांतरी आहे, किंवा ज्यावर टेकलाय ते खचतंय.

खचतं कसं तेही सांगतो. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खोलगट टाकतात, त्यात वॉटरप्रूफिंग करून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. टबाखालचा भाग दिसणार नाही म्हणून तिथे फरशी लावत नाहीत, नुसती सिमेंटची पातळ कातडी फिरवतात. तिच्याखाली विटेचे तुकडे पोकळ राहिले असतील तर? टब भरला की दीड-दोनशे लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. माणूस साठ-सत्तर, टब स्वतः पंचवीस-तीस. अडीचशे-तीनशे किलो वजन चार-पाच पायांच्या लिंबाएवढ्या बुडांवर येतं. कातडी फुटणारच.

याला टाइल न फोडता उपाय नाही. वाईट वाटतं सांगायला. पण पाचांपैकी दोन-तीनच लागतील.

---

मोगरा२ | १३ जून, दुपारी १:१०

तीनशे किलो?? मग स्लॅबचं काय? आमच्या पस्तीस वर्षं जुन्या इमारतीत वरच्यांनी टब बसवलाय, आता मला झोप लागायची नाही.

---

ओळंबा | १३ जून, दुपारी २:०५

घाबरू नका. भारतीय मानकात राहत्या घराच्या खोल्यांना, बाथरूमलाही, वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून स्लॅबची रचना करतात. टबाखालचं क्षेत्र सव्वा चौरस मीटरच्या जवळपास. म्हणजे तेवढ्या तुकड्यावर भार थोडा जास्त येतो, पण स्लॅब तो आजूबाजूला वाटून घेतो आणि उरलेल्या बाथरूममध्ये एवढं वजन कधी नसतं. धडधाकट इमारतीला हे चालतं. तुमच्या छताला तडे असतील, सळया गंजून सिमेंट सुटत असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मग टब असो वा नसो.

---

नळराजा | १३ जून, दुपारी ४:३०

आता माझा विषय, पाणी हळू जाण्याचा.

रानजाई, टब रिकामा होताना बाथरूमच्या दुसऱ्या जाळीतून पाणी वर येतं का? आणि टबाला स्वतःचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारं वळण, दिला होता का? खोक्यात वाकडा तुकडा आला असेल, साधारण इंग्रजी यू सारखा.

---

रानजाई | १३ जून, संध्याकाळी ६:००

दुसऱ्या जाळीतून काही येत नाही. शॉवरचं पाणीही पटकन जातं. टबाखाली वेगळी नहाणी (जमिनीतलं पाणी जायचं भोक) आहे असं प्लंबर म्हणाला होता. वाकडा तुकडा होता, आठवतंय, कारण "हा पण लावतो, वास येणार नाही" असं तो अभिमानाने म्हणाला होता.

---

नळराजा | १३ जून, संध्याकाळी ६:२५

सापडलं! मुख्य लाइन मोकळी आहे. घोळ टबाचं भोक ते टबाखालची नहाणी एवढ्याच चार फुटांत आहे.

नहाणी ट्रॅप हा स्वतःच ट्रॅप असतो. त्यात दोन इंच, म्हणजे ५० मिमी पाणी कायम उभं राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. त्याच्या आधी टबाचा दुसरा ट्रॅप लावला आणि मधली नळी नहाणीत खुपसून वरून सिमेंटने बंद केली, की दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते. टबातलं पाणी खाली ढकलतं, हवा वर निघायला बघते. दोघांची मारामारी म्हणजे तुमची ती गुडगुड. सुरुवातीची काही सेकंद पाणी पळतं, कारण तेवढ्यात नळी भरते.

त्यात लवचिक नळी झोका घेऊन लोंबत असेल तर त्या झोक्यात तिसरा ट्रॅप फुकट.

---

टोक्योतला_गण्या | १३ जून, संध्याकाळी ७:००

थोडं अवांतर. इथे जपानात हा विषयच निघत नाही, कारण बाथरूमची जमीन आणि टब कारखान्यातून जोडणीच्या भागांतच येतात. ढाळ, ट्रॅप सगळं साच्यात ठरलेलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी न्यू ओटानी हॉटेलच्या खोल्या वेळेत पुऱ्या करायला टोटो कंपनीने अशी बाथरूमं करून दिली, तिथून हे पसरलं. आणि इथे टबाबाहेर अंग घासून धुऊन मगच टबात बसतात, पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. माझी आई आली होती तेव्हा म्हणाली, "मग एवढं धुऊन झाल्यावर आत कशाला बसायचं?"

---

तिरसट_तात्या | १३ जून, संध्याकाळी ७:१०

आईंना माझा नमस्कार सांगा.

---

अबोली | १४ जून, सकाळी ९:१५

विषय थोडा वळवते, राग मानू नका. टब नाही आमच्याकडे, पण बाथरूमच्या फरशीवर दाराजवळ पाणी साचतं. हेही पट्टीनेच बघायचं का? दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइल्स आहेत.

---

ओळंबा | १४ जून, सकाळी १०:०५

साचतं ते टाइल्सच्या आकारामुळेच. जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर मोठी टाइल वाकत नाही, ती तिरकी कापून पाकिटासारखी बसवावी लागते. गिऱ्हाइकाला ते काप दिसायला नको असतात, मग लादीवाला सपाट बसवून मोकळा होतो. मी फरशीला साधारण ऐंशीला एक ढाळ धरायचो, म्हणजे आठ फुटांत सव्वा इंच. एक बादली ओता, पाच मिनिटं थांबा, खडूने डबक्याच्या कडा आखा. फक्त दाराजवळच असेल तर तेवढ्याच दोन टाइल्स उचलून होईल. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा, इथे टब बुडायला नको.

---

मोगरा२ | १४ जून, सकाळी ११:००

वरच्या मजल्यावरच्यांना बिल्डरनेच टब लावून दिलाय, आमच्या नातेवाइकांच्या नवीन इमारतीत. त्यांचीही हीच रड. त्यांनी काय करावं?

---

जर्सीकर | १४ जून, संध्याकाळी ६:५०

माझी बहीण वकील आहे, तिला विचारून लिहितोय. बिल्डरने दिलेला असेल तर रेरा (घरबांधणी व्यवहारांच्या) कायद्याच्या कलम १४ मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी कळवा, फोनवर नको. रानजाईंचा कंत्राटदार बिल्डर नाही, त्यांना ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, दोन वर्षांची मुदत. पण फोटो, बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, आणि उघडताना व्हिडिओ काढा.

---

रानजाई | २२ जून, रात्री ९:४५

मंडळी, उघडलं.

सोसायटीच्या ओळखीने दुसरे गवंडी मिळाले, साठीचे, बोलणं कमी. त्यांनी ग्राइंडरने रेघेतूनच दोन टाइल्स कापल्या, छिन्नी जवळजवळ लावलीच नाही. दोन्ही आख्ख्या निघाल्या! आत टॉर्च मारला आणि सगळे गप्प.

पाय पाच. त्यातला डोक्याकडचा भिंतीलगतचा पाय काकांनी म्हटल्याप्रमाणे हवेत. त्याच्या शेजारचा विटेच्या तुकड्यावर, आणि वीट खालच्या कातडीत रुतलेली. पायांच्या बोल्टवर घट्ट करायचं नट असतं ते एकालाही आवळलेलं नाही. त्या बाजूला टबाचा काठ टाइलच्या धारेवर आणि सिलिकॉनवर लोंबत होता. उरलेल्या जागेत डबर, सिमेंटच्या गोणीचा कागद आणि एक गुटख्याची पुडी.

नळी? नळराजा, पैज जिंकलात. पांढरी घडीची, मध्ये झोका, आधी वाकडा तुकडा, शेवटी नहाणीत खुपसून सिमेंट. झोक्यात माझी नीळ अजून साठलेली होती.

फोटो आणि व्हिडिओ कंत्राटदाराला पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

आता बसवायचं कसं यावर गवंडीकाका आणि प्लंबर यांचं जमत नाहीये. गवंडीकाका म्हणतात, खाली रेती ठासून भरू, टब हलणार नाही. प्लंबर म्हणतो, रेती नको.

---

ओळंबा | २२ जून, रात्री १०:१०

रेती अजिबात नको. उद्या कुठे थेंब गळला तर रेती तो पिऊन टाकेल, तुम्हाला कळेल तेव्हा खालच्यांचं छत काळं झालेलं असेल. आणि ओली झाली की रेती बसते, आधार जातो.

मी असतो तर तळाखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे दोन-तीन ढीग घालून त्यावर टब दाबून बसवला असता. पूर्ण तळाला आधार. आयुष्यभर टक वाजणार नाही.

---

नळराजा | २२ जून, रात्री १०:३५

काका, इथे मी वेगळं म्हणतो. टबाखाली लोखंडी चौकट आणि पाय कंपनीने दिलेत, म्हणजे वजन चौकटीने घ्यायचं अशी त्याची रचना आहे. मसाला तळाला चिकटला की उद्या टब काढताना फोडूनच काढावा लागेल. शिवाय कंपनीच्या पत्रकात मनाई असेल तर वॉरंटी गेली. मसाल्याची गादी पाय नसलेल्या टबांना घालतात. रानजाई, पत्रक असेल तर बघा.

---

रानजाई | २३ जून, सकाळी ८:००

पत्रक मॅनहोलच्या झाकणाच्या खोक्यात सापडलं. लिहिलंय : पक्क्या, सपाट जमिनीवर पाय टेकवा, तळाखाली काही भरू नका, दुरुस्तीसाठी झडप (उघडता येणारं दार) ठेवा.

झडप! तीच नव्हती आमच्याकडे.

---

ओळंबा | २३ जून, सकाळी ८:४०

बरं. पत्रक म्हणतंय तर पत्रक. (पण माझा मसाला वाईट नसतो, हे नोंदवून ठेवा.)

मग असं करा. पाय जिथे येतात तिथली कातडी फोडून पोकळ तुकडे काढा, पण जपून, खाली वॉटरप्रूफिंगचा थर आहे. तो दिसला की थांबायचं. तिथे घट्ट मसाला भरून त्यावर सहा बाय सहा इंचाचे कडप्प्याचे तुकडे पाणसळात बसवा. चार दिवस हात लावू नका. पाय त्या कडप्प्यावर. लिंबाएवढ्या बुडाचं वजन मग ३६ चौरस इंचांवर पसरेल. लाकडाची पाचर कुठेही घालू नका, ओलीत कुजते.

काठाचं जुनं सिलिकॉन आधी कापा, नाहीतर टब उचलताना काठ तडकेल.

---

नळराजा | २३ जून, सकाळी ९:१०

पाइपचं माझ्याकडून :

वाकडा तुकडा काढून टाका, एकच ट्रॅप ठेवा, नहाणीचा. लवचिक नळी फेकून ४० मिमीचा कडक पाइप लावा. चार फुटांना एक इंच ढाळ पुरे. कोपऱ्यात ९० अंशांचा एल्बो (वळणाचा तुकडा) नको, ४५ चे दोन. टबाच्या भोकाशी नट-वॉशरची जोडणी ठेवा, तिथे सोल्युशन (पाइप चिकटवायचं) लावायचं नाही, म्हणजे उद्या उघडता येईल. ओव्हरफ्लोची (काठाखालच्या जादा पाण्याच्या भोकाची) गॅसकेट बघायला विसरू नका, ती बऱ्याचदा पिळवटलेली असते.

तपासणी : टब काठोकाठ भरा, ओव्हरफ्लोमधून पाणी जाऊ द्या, मग एकदम सोडा. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा टिश्यूला दिसतो. हे टाइल्स लावायच्या आधी.

---

जर्सीकर | २३ जून, संध्याकाळी ६:३०

आणि सिलिकॉन मारताना टब पाण्याने भरून ठेवा. भरलेला टब किंचित खाली बसतो, फट पूर्ण उघडते, तेव्हा भरायची. २४ तास पाणी तसंच ठेवायचं. रिकाम्या टबाला मारलं तर पहिल्याच आंघोळीला सिलिकॉन सुटतं. हे मला फोमनंतर कळलं.

---

तिरसट_तात्या | २३ जून, संध्याकाळी ६:४५

दोनशे लिटर पाणी चोवीस तास. ताई, नंतर ते पाणी झाडांना घाला निदान.

---

रानजाई | ६ जुलै, रात्री ८:३०

झालं एकदाचं.

कडप्प्याचे पाच तुकडे बसवले, चार दिवस थांबलो. गवंडीकाकांनी पट्टीऐवजी पारदर्शक नळीत पाणी घेऊन चारही कोपरे जुळवले. मी नंतर माझी पट्टी ठेवून बघितली तर बुडबुडा हलेना. "बघा, बघा," म्हणाले, पहिल्यांदा हसले. मग पायांची नटं आवळली.

पाइप नवीन, ट्रॅप एक. नळराजांच्या टिश्यूने एक जोड पकडला, ओव्हरफ्लोचाच. गॅसकेट खरंच पिळवटलेली होती. आधी कधी तेवढा भरलाच नव्हता म्हणून कळलं नव्हतं, नाहीतर खालच्या काकूंकडे जावं लागलं असतं लाडू घेऊन.

कापलेल्या दोन टाइल्स आता झडप झाल्यात. सिमेंट बोर्डवर चिकटवून मागे चुंबक लावलेत, रबरी कपने ओढली की निघते. रेघेत सिलिकॉन नाही, त्यामुळे जवळून बघितलं तर कळतं. लेकीने आत खजिना ठेवायचा विचार जाहीर केलाय, तो हाणून पाडला.

वेळ : काठापासून रिकामा व्हायला साडेसहा मिनिटं. गुडगुड शेवटी फक्त एकदा. टक नाही.

खर्च : दोघांची मजुरी आणि सामान मिळून साडेनऊ हजार. कंत्राटदाराने काल अचानक फोन केला. फोटो त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाने कुठूनतरी पाहिले म्हणे. चार हजार परत देतो म्हणाला. लेखी मागितलंय.

नीळ पुन्हा ओतून पाहिली. डोक्याकडे काहीच उरत नाही. भोकाच्या कडेभोवती मात्र एक बारीक निळी चकती राहते, चमचाभर पाणी असेल. हे काय आता?

---

नळराजा | ६ जुलै, रात्री ८:५५

भोकाची स्टीलची कडी टबाच्या तळापेक्षा केसभर वर बसलीय. खाली पुट्टी जास्त झाली असेल. झडप आहे आता तुमच्याकडे. खालून नट ढिलं करा, पुट्टी काढा, पातळ वॉशर घालून पुन्हा आवळा. अर्ध्या तासाचं काम. पुसायला पेट्रोल-थिनर वापरू नका, नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, ॲक्रिलिक पांढरट होऊन तडकतं.

---

ओळंबा | ६ जुलै, रात्री ९:२०

एक चमचा राहू दे की हो.

---

रानजाई | ६ जुलै, रात्री ९:२२

नाही काका. रविवारी कडी काढतेय.